रूम, इराण आणि माझी आय

"पण आधी दिसलं कोण?" हवालदारसाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"साहेब, दोन्ही शिडं एकदमच दिसली," मी म्हणालो. "एक उत्तरेकडून, एक पश्चिमेकडून."

"एकदम काही दिसत नसतं, इसाक. डोळे दोन असले तरी नजर एक असते. ती आधी कुणावर पडली?"

बुरुजावर आम्ही तिघे उभे होतो. हवालदार सय्यद नुरुल्ला, त्यांचे कारकून गोमाजी प्रभू आणि मी. विजापूरच्या पादशहांनी सय्यदसाहेबांना आमच्या सांदवण बंदराचा अंमल देऊन दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत ते एकदाही होडीत बसले नव्हते. पाणी हलताना पाहिलं तरी त्यांना मळमळायचं, म्हणून बंदरावर आले की समुद्राकडे पाठ करून उभे राहायचे. त्या दिवशी नाइलाजाने तोंड करून उभे होते, आणि नाकाशी लिंबू धरलं होतं.

मी बंदराचा वाटाड्या. सांदवणच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, आणि त्यातून मोठ्या जहाजाला एकच वाट आहे, तीही एका वेळी एकालाच पुरेल एवढी. ती माझ्या बापाला ठाऊक होती, त्याच्यामागे मला. भरलेलं जहाज आत यायचं तर उधाणाची भरती लागते. वैशाखातली अमावास्या तोंडावर होती, म्हणजे पाच दिवस उधाण. पुढचं उधाण पुनवेला, पण तोवर पाऊस लागतो, समुद्र बंद होतो, आणि दांड्यावर श्रावणापर्यंत फक्त लाटा येतात-जातात.

पश्चिमेकडून आलेलं जहाज रूमच्या, म्हणजे तुर्कांच्या, सुलतानाचं होतं, जिद्द्याहून निघालेलं. त्यात हज करून परतणारी आमच्या किनाऱ्यावरची बत्तीस माणसं होती. त्या बत्तिसांत माझी आई होती. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

उत्तरेकडचं जहाज इराणच्या शहाचं. आमच्या पादशहांना नजर करायला चाळीस घोडे घेऊन आलेलं. आणि त्या वर्षी रूम आणि इराण यांचं बगदादवरून जुंपलेलं होतं.

"साहेब, हुकूम द्या," मी म्हणालो. "मी होडी काढतो. आज एक आणतो, उद्या एक."

"हुकूम द्या म्हणे." साहेबांनी लिंबू हुंगलं. "तुझी होडी ज्याच्याकडे आधी जाईल तो मोठा ठरेल. रूमचे सुलतान खलिफा आहेत. त्यांना मागे ठेवलं तर मशिदीत तोंड दाखवायची सोय नाही. शहा आपल्या पादशहांचा जिवलग. त्याला मागे ठेवलं तर विजापुरात तोंड दाखवायची सोय नाही."

"मग तोंड दाखवायचं कुठे?" गोमाजी प्रभूंनी अगदी अदबीने विचारलं. त्यांचं असंच होतं. तोंडावर कधी काही दिसायचं नाही.

"कुठेच नाही. दोघं आपसांत ठरवेपर्यंत एकही होडी कुणाकडे जायची नाही."

"साहेब, रूमच्या जहाजावर माझी आई आहे," मी म्हणालो.

"मग तर तू मुळीच जायचं नाहीस," साहेब म्हणाले. "तू पक्षपाती आहेस."

तोफेची सलामी आधी कुणाला हाही प्रश्न होता. आमच्या बुरुजावर तोफा चार, त्यांतली एक उडायची. ती एकासाठी उडवून, गार करून, पुन्हा ठासून दुसऱ्याला सलामी द्यायची म्हटलं तर तेवढ्या वेळात एक लढाई होऊन गेली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही जहाजांवरून पाणी मागणाऱ्या खुणा आल्या. तहानलेल्याला पाणी देणं हे पुण्यकर्म, त्याला कोण काय म्हणणार, असं गोमाजी प्रभूंनी सुचवलं. दोन होड्या, सारखी पिंपं, सारखी वल्ही. नगारा वाजला की दोघींनी एकदम सुटायचं. सुटल्या. पण समुद्राला नगाऱ्याचं काय? एका लाटेने रूमकडची होडी पुढे ढकलली आणि ती वल्हंभर आधी लागली. इराणी जहाजावरून आपल्या वाट्याची सगळी पिंपं समुद्रात फेकली गेली. ते पाहून रूमवाल्यांनीही फेकली. इराणी पाणी टाकू शकतात आणि आपण टाकू शकत नाही, असं कुणी लिहायला नको म्हणून.

तेव्हापासून पाण्याची होडीसुद्धा बंद.

त्या रात्री मी जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांच्या पायांवर जाऊन पडलो. त्यांनाही जहाजांच्या मनात काय आहे ते कळायला हवंच होतं. बराच विचार करून ते म्हणाले, "वाटाड्या जाणार नाही. मासे विकणारा कुणी जाऊन आला तर ते मला माहीत नाही. मासेवाल्याला मान नसतो."

तर मी लंगोटी लावली, डोक्याला फडकं गुंडाळलं, बांगड्यांची टोपली घेतली आणि तळाशी पाण्याचं मडकं लपवून निघालो.

रूमच्या जहाजावर चढलो तेव्हा पहिल्यांदा वास आला, मग माणसं दिसली. शिडाच्या सावलीत माझी माणसं बसली होती. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. दिवसाला माणशी एक वाटी पाणी चाललं होतं. आई एका बोचक्याला टेकून बसली होती. मी ओळखलं नसतं. तिनेच ओळखलं.

"बारीक झालास रं इसाक," ती म्हणाली. तिच्या अंगाला हात लावला तर चटका बसला.

"आय, कधीपासून ताप हाय?"

"सुकोत्र्याच्या बेटापासनं. जाईल. तू मासं कवापासनं इकायला लागलास?"

मी तिला मडकं दिलं. तिने आधी शेजारच्या बायांना घोट घोट पाजला, आपण शेवटी ओठ ओले केले. मग किनाऱ्याकडे बोट केलं. "आपल्या वाडीतला वाकडा माड हितनं दिसतो. तीन दिस बघतंय. ह्या माणसांस्नी झालंय तरी काय? मक्केत सगळी एका रांगेत उबी ऱ्हायली व्हती. मी सोता बघितलंय."

मी जहाजाच्या मुख्याकडे, नाखुद्याकडे गेलो. मेमी रईस त्याचं नाव. कुठल्याशा डोंगरी मुलखात जन्मलेला, थोराड, थकलेला माणूस. जहाज बसऱ्यात बांधलेलं, सागवान मलबारचं, खलाशी निम्मे अरब आणि निम्मे आमच्याच किनाऱ्याचे. त्या जहाजावर रूमचं म्हणून काय होतं? झेंडा आणि वाकनीस. वाकनीस म्हणजे जे घडेल ते लिहून धन्याला कळवणारा. तो नाखुद्याच्या मागे दौत घेऊन सावलीसारखा उभा होता.

"माझी आई आजारी आहे," मी फारसीत म्हणालो. "तेवढी उतरवू द्या."

रईसने वाकनिसाकडे पाहिलं. वाकनिसाने लेखणी शाईत बुडवली.

"सुलतानाच्या जहाजावरून सलामीआधी प्रवासी उतरला, तर सुलतानाचं जहाज चोरासारखं उतरलं असा अर्थ होतो," रईस म्हणाला. पाठ केल्यासारखं म्हणाला. मग आवाज खाली आणून, "मलाही आत यायचंय, भाऊ. मी काय करू?"

इराणी जहाजावर वेगळं काहीच नव्हतं. जहाज सुरतेच्या बांधणीचं, खलाशी बलुची. इराणचं म्हणून झेंडा, वाकनीस आणि घोडे. त्यांतले घोडेही अरबी. नाखुदा शाहवेर्दी आगा, नाजूक बोटांचा, गोड बोलणारा. चाळिसांपैकी सहा घोडे मेले होते. आगा त्यांच्याबद्दल बोलताना रडला. "मला आत यायचंय," तोही म्हणाला, आणि त्याच्याही मागे लेखणी कुरकुरली.

एक गोष्ट सांगून टाकतो, कारण आता सांगायला हरकत नाही. जहाजाचे कागद वाटाड्याला पाहावे लागतात. मासेवाल्यातला वाटाड्या ओळखून दोघांनीही मला आपापली पेटी उघडून दाखवली. रूमच्या पेटीत वर जरीच्या गुंडाळीत फर्मान, 'दोन्ही समुद्रांचा स्वामी' वगैरे. त्याच्याखाली गोव्याच्या फिरंग्याचा परवाना, की या जहाजाला समुद्रात फिरू द्यावं. इराणी पेटीतही तसंच. वर स्वामी, खाली परवाना. दोन्ही परवान्यांवर एकाच फिरंग्याची सही होती, आणि दोघांनाही तो खालचा कागद दाखवताना खोकला आला.

माझं डोकं त्या दिवसांत फार चालत असे. परतताना मला युक्ती सुचली. आगाकडे पुन्हा वळलो आणि म्हणालो, "आगासाहेब, आमच्या मुलखात स्वारी कशी निघते पाहिलीय? पुढे भालदार, मग चोपदार, मग नगारा, मग हत्ती. पादशहा सगळ्यांत शेवटी. पुढे चालतो तो चाकर."

आगाचे डोळे चमकले. "म्हणजे रूमवाला पुढे गेला तर..."

"तर तो आपला चोपदार."

रूमवाल्यांना मी जाऊन सांगितलं की इराणी मागे राहायला राजी आहेत, पहिला मान तुमचा. रईसच्या डोळ्यांत पाणी आलं. वाकनिसाने पानभर लिहिलं. साहेबांनी तोफ पुसायला सांगितली. चौथ्या दिवशीच्या भरतीला रूमवाल्यांचा नांगर उचलायला लागला आणि मी होडीत उभा राहून मनात म्हणालो, इसाक, तू वजीर व्हायला हवा होतास.

मोठ्या माणसाला गोष्ट पोटात ठेवता येत नाही, हे मी विसरलो होतो. रूमचं जहाज हलताच इराणी वाकनीस कठड्यावर चढला आणि कर्ण्यातून ओरडला, "चालू दे, शहाचा चोपदार चालू दे!"

रूमवाल्यांचा नांगर परत पाण्यात पडला. त्याचा धप्प आवाज किनाऱ्यापर्यंत आला.

दुपारपर्यंत दोघांनीही निरोप पाठवले होते. आता दोघांनाही मागून यायचं होतं. चार दिवस 'आधी मी' होतं, त्याचं 'आधी तू' झालं, आणि कुणीही तसूभर हललं नाही. साहेबांनी मला बोलावून विचारलं, ही चोपदाराची अक्कल कुणाची? गोमाजी प्रभू म्हणाले, "साहेब, वाऱ्याची असावी."

पण मला हसू येत नव्हतं. माझ्या शहाणपणाने एक भरती फुकट घालवली होती. उरली फक्त पाचव्या दिवसाची. ती चुकली की दोन्ही जहाजं दुसरं बंदर शोधत जाणार, आणि आई ज्या तापात होती त्यात ती दुसरं बंदर बघणार नव्हती. मला माझी लाज वाटत होती. आजही वाटते.

पाचव्या दिवशी उजाडताच मी पुन्हा टोपली घेऊन रूमच्या जहाजावर गेलो. आई आडवी होती. सोबतीण बीबीजान, दापोलीकडची म्हातारी, तिला वारा घालत होती.

"आज शेवटची भरती," मी म्हणालो. "आय, माझं काय चालत नाय यांच्याफुडं."

"जित्या मान्साला उतरू देत नायत," आई म्हणाली. "मेल्याव तरी देतील नं?" आणि हसली. तिला तापातही असले विनोद सुचायचे.

माझी नजर तिच्या उशाच्या बोचक्यावर गेली. हजला गेलेली माणसं आपलं कफन मक्केच्या झमझम विहिरीच्या पाण्यात भिजवून, वाळवून सोबत आणतात, तसं तिनेही आणलं होतं. तिने माझी नजर ओळखली.

"नाय," ती म्हणाली. "अल्लाच्या घरी जाऊन आलंय मी. खोटं मरू?"

"फकस्त धक्क्यापत्तूर. तितनं घरी नेतो. आय, तुज्यासाटी नको करूस. ही बाकीची एकतीस बघ."

तिने बघितलं. एक बाई पोराला ओली चिंधी चोखायला देत होती.

"एक कबूल कर," आई म्हणाली. "माज्याव खोटी नमाज पडायची नाय. बाकी तू काय खोटं बोलशील ते तुज्या मानेव."

मी कबूल केलं. कसं पाळायचं याचा विचार केला नाही.

बीबीजानने पडदा लावून तिला गुंडाळलं आणि मग असा गळा काढला की मलाच खरं वाटलं. रईस आला. त्याने कफनाकडे वाकून पाहिलं. आईची पापणी हलली असावी, कारण त्याने पटकन मान वर केली आणि वाकनिसाच्या आड उभा राहिला. "इन्नालिल्लाह," तो मोठ्याने म्हणाला. "मयतीला अंघोळ?"

"झाली, झाली," बीबीजान म्हणाली. पडदा कुणी उघडू नये म्हणून म्हणाली बिचारी.

वाकनिसाने क्षणभर विचार केला. "मयत हा माल नव्हे, आणि प्रवासीही नव्हे," तो म्हणाला. "उतरवायला हरकत नाही." आणि त्याने तसं लिहिलं.

"आणि ज्या जहाजाने हाजिणीला इथवर आणलं, ते तिच्या जनाज्यामागे चालणार नाही?" मी विचारलं. "जनाज्यात पुढे मयत असते. तिच्यामागे चालण्यात कुणाला कमीपणा नसतो."

रईसने नांगर उचलायचा हुकूम दिला.

माझी होडी पुढे. होडीत आई, बीबीजान आणि वल्ह्यावर माझे दोन चुलतभाऊ. मी उभा राहून कलमा म्हणत होतो आणि बांबूने पाणी मोजत होतो. इराणी जहाजाजवळून जाताना हेतूने आवाज चढवला. आगा कठड्याशी आला. त्याच्या वाकनिसाला मी ऐकू जाईल असं म्हणालो, "हाजिणीचा जनाजा चाललाय. रूमवाले मागे निघालेत. शहाच्या जहाजाने पाठ फिरवली असं कुणी लिहू नये, एवढंच."

नांगर इतक्या चटकन उचलला जातो हे मला त्या दिवशी कळलं.

मग ती मिरवणूक दांड्यावर आली. पुढे माझी होडी, मागे दोन पादशाह्या. ज्या वाटेने होडी वळेल त्या वाटेने त्या वळत होत्या. इराणी जहाजाचं नाक रूमी जहाजाच्या शेपटाला लागत होतं, पण त्याची नोंद झाली नाही, कारण दोन्ही वाकनीस माना खाली घालून फातिहा म्हणत होते.

"किती ऱ्हायलं?" कफनातून आवाज आला.

"दांडा सरला. गप ऱ्हा."

"नाकाव माशी बसलीय."

"आय, तुझ्या पाया पडतो."

बुरुजावरून साहेबांनी हे पाहिलं. जनाज्याला तोफ उडवायची नसते. माणूस हर्षाने रडला म्हणे. आणि तिथेच घोटाळा झाला. मी धक्क्याला लागतो तोवर ते पालखीतून खाली आले, काजींना घेऊन आले, आणि दोन्ही नाखुदे आपापल्या होड्यांतून उतरले. साहेबांनी जाहीर केलं की अशा भाग्यवान हाजिणीची नमाज इथेच, आत्ताच, धक्क्यावर होईल. रांगेत सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहतील. मान-अपमानाचा प्रश्नच मिटला.

"साहेब, घरी नेऊ द्या," मी म्हणालो. "अंघोळ घालायचीय."

"जहाजावर झाली," रूमचा वाकनीस म्हणाला. "मी लिहिलंय."

लिहिलेल्यापुढे कुणाचं चालतं? मयत खाली ठेवली. रांगा धरल्या. साहेबांच्या एका बाजूला रईस, दुसऱ्या बाजूला आगा, मागे सारं सांदवण. आईला दिलेला शब्द मोडत होता आणि मी रांगेत उभा होतो. काजींनी हात कानांपर्यंत नेले.

आणि माझी आई उठून बसली.

"थांबा," ती म्हणाली. "माज्याव खोटी नमाज पडू नका. मी जिती हाय. कुणी पाणी द्या."

मागच्या रांगा पळाल्या. काजी हात तसेच धरून उभे राहिले. साहेब जमिनीवर बसले. हलले दोघेच. रईसने कमरेची बुधली पुढे केली आणि आगाने आपली. एकदम पुढे केल्या, आणि दोघांचेही हात तिच्यासमोर हवेत थांबले. आईने या हाताकडे पाहिलं, त्या हाताकडे पाहिलं, मग धक्क्याच्या कडेला एक कोळीण करवंटी घेऊन उभी होती, तिच्याकडून पाणी घेतलं आणि प्यायली.

"आता मला घरी ने," ती मला म्हणाली.

मी तिला पाठुंगळी घेतलं. मी रडत होतो, आणि ती माझ्या कानात म्हणत होती, "शब्द पाळला नायस." तिच्यामागे वाकनिसांचं भांडण सुरू झालं होतं. मयत जिवंत असेल तर जनाजा झालाच नाही. जनाजा झाला नसेल तर ती दोन जहाजं होती. दोन जहाजं असतील तर आधी कोण शिरलं? दोघांनीही मागणी केली की दोन्ही जहाजांनी परत बाहेर जावं आणि रीतसर आत यावं.

पण तोवर ओहोटी लागली होती आणि उधाण संपलं होतं. बाहेर जायची वाट आता श्रावणात. खाडीत जागाही एकच होती, म्हणून रूम आणि इराण यांनी तो सबंध पावसाळा एकमेकांना दोर बांधून काढला. वाकनीस रोज खलिते लिहीत आणि ते न्यायला जहाज नव्हतं.

साहेबांनी माझं मुंडकं मागितलं. गोमाजी प्रभूंनी नम्रपणे लक्षात आणून दिलं की श्रावणात ही जहाजं बाहेर काढायला ते लागेल. तेव्हा माझं मुंडकं श्रावणापर्यंत धडावर ठेवण्याचं ठरलं. श्रावणाच्या आधीच साहेबांची बदली एका कोरड्या किल्ल्यावर झाली, आणि नव्या हवालदाराला त्या मुंडक्याची आठवण राहिली नाही. आता ते पिकलंय.

आई अकरा दिवस जगली. अंगणात खाट टाकून वाकड्या माडाखाली पडून असायची. ताप उतरायचा, चढायचा. घरच्या विहिरीचं पाणी मागायची, पेजेवर लोणचं मागायची. गावच्या बाया येऊन लाजत विचारायच्या की मेल्यावर कसं वाटलं? ती सांगायची, "उकडतं." बाराव्या दिवशी पहाटे तिने माझा हात धरला, आणि सोडला नाही, आणि गेली.

पाऊस लागला होता. मी गावात कळवलं. पण लोक यायला कचरत होते. गोमाजी प्रभू आले, दारात उभे राहिले आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर काहीतरी दिसलं. "इसाकभाई, साहेबांचा हुकूम म्हणून विचारतो," ते म्हणाले, "या वेळी खरंच ना?" मी त्यांना आत नेलं. त्यांनी पाहिलं आणि उपरण्याने डोळे पुसले.

दोन्ही जहाजांकडून कुणी येणार नाही असा निरोप आला होता. पुढे कोण चालणार हे ठरलं नव्हतं म्हणून. आम्ही मोजकेच लोक निघालो. वळणावर चिखलात दोन माणसं उभी होती. साध्या लुंग्या, डोक्याला साधं फडकं, अंगावर झगा नाही, मागे लेखणी नाही. जवळ आल्यावर ओळखलं. रईस आणि आगा. दोघे वेगवेगळ्या वाटेने लपून आले होते आणि एकमेकांना पाहून ओशाळले होते. काही न बोलता त्यांनी जनाज्याच्या पुढच्या दोन दांड्या खांद्यावर घेतल्या. मी मागे गेलो. मला त्या दोघांविषयी फार माया वाटली.

आमच्या कबरस्तानाला जांभ्या दगडाचा गडगा आहे आणि आत जायला एक बेडं, म्हणजे अरुंद फाटक. त्यातून एक माणूस जातो.

बेड्याशी दोघे थांबले.

"आधी आपण," आगा म्हणाला.

"छे, आधी आपण," रईस म्हणाला.

"माझी काय पात्रता. आपण वडील आहात."

"आपण पाहुणे आहात."

"आपणही पाहुणेच."

खरंच प्रेमाने बोलत होते. पाऊस पडत होता. माझी आई त्यांच्या खांद्यांवर होती आणि पुन्हा थांबली होती. मी मागची दांडी चुलतभावाकडे दिली, पुढे गेलो, आणि म्हणालो, "सरका."

दोघे सरकले. पुढच्या दोन्ही दांड्या मी हातांत घेतल्या, आणि बेड्यातून आईला आत नेलं.